दिवाणावरची उंबरखिंड

यंदा दिवाळीला किनवटला घरी होतो. भाऊबिजेच्या सकाळी आत्या आली, तेव्हा मी बैठकीतल्या दिवाणावर पालथा पडून दोन मातीच्या मावळ्यांमधलं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजत होतो. ती दारातच थांबली.

"काय करायलास रे?"

"अभ्यास."

आतून आई म्हणाली, "चार दिवस झाले, ह्योच अभ्यास चालू हाय."

मी इतिहासात पीएचडी करतोय. विषय थोडक्यात सांगायचा तर सतराव्या शतकातल्या दख्खनमधल्या छोट्या लढाया, आणि त्या ज्या वाटांवर झाल्या त्या वाटा. छोट्या म्हणजे ज्यांना शाळेच्या पुस्तकात एक ओळ मिळते: अमक्या खिंडीत तमक्याला गाठलं, शरण आणलं, संपलं. त्या ओळीच्या आत कुणाला काय दिसत होतं, कुणाला काय ठाऊक नव्हतं, मागे फिरायला जागा होती का, असे प्रश्न मला पडतात. कागदपत्रं त्यांची उत्तरं क्वचितच देतात. म्हणून गेल्या वर्षभरात मी एक जोडधंदा सुरू केला. लढाई टेबलावर मांडायची आणि खेळून बघायची.

हा खेळ सुरू कसा करायचा, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातून काय लागतं, ते आज सांगतो. उदाहरण उंबरखिंडीचं घेतलंय. त्याला कारण आहे. त्या खिंडीत आमच्या शेजारच्या माहूरची एक बाई होती, आणि ती मावळ्यांच्या समोरच्या बाजूला होती.

चकमकीचा खेळ म्हणजे काय

टेबलावरच्या युद्धखेळांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात एक बाहुली म्हणजे पन्नास-शंभर माणसांची तुकडी. तिथे तुम्ही सेनापती असता, आणि तुकडी मेली तरी तुम्हाला तो एक आकडा असतो. दुसऱ्यात एक बाहुली म्हणजे एक माणूस. दोन्हीकडे मिळून वीस-पंचवीस बाहुल्या, कधी दहाच. इंग्रजीत याला स्कर्मिश म्हणतात. आपल्याकडे शब्द तयारच आहे, चकमक.

बुद्धिबळासारखा इथे पट नाही, घरं नाहीत. टेबल हीच जमीन. पुस्तकांची थप्पी म्हणजे टेकडी, निळी ओढणी म्हणजे नदी. बाहुली किती पुढे न्यायची ते टेपनं मोजायचं. घाव बसला की नाही ते फाशावर ठरतं. नियम कुठलेही घ्या, त्यांच्या पोटात प्रश्न तीनच असतात. माणूस एका वेळी किती चालू शकतो? त्याला उभा आहे तिथून काय दिसतं? आणि तो घाबरतो कधी?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बुद्धिबळातलं प्यादं घाबरत नाही. चकमकीतलं घाबरतं, आणि बहुतेक डाव तिथेच फिरतो.

हा खेळ आला कुठून

याचा उगम लष्करी शाळांमध्ये आहे. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या शिक्षकानं बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यात डोंगर, पाणी, तोफा घातल्या. १८१२ मध्ये प्रशियाच्या फॉन राइसवित्झ यांनी राजाला एक टेबलच करून दिलं, त्यावर जमिनीचे तुकडे हवे तसे मांडता येत. त्यांच्या मुलानं, जो लष्करात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नीट नियम छापले. टेबलाच्या जागी खराखुरा नकाशा आला, फासे आले आणि मुख्य म्हणजे पंच आला.

या पंचामुळे सगळं बदललं. दोन्ही बाजू आपले हुकूम त्याला द्यायच्या. शत्रूची तुकडी जोवर दिसण्यासारख्या ठिकाणी येत नाही, तोवर पंच ती नकाशावर ठेवायचाच नाही. म्हणजे समोर रिकामी जमीन दिसते, पण ती रिकामी आहे की नाही हे ठाऊक नसतं. प्रशियाचे सरसेनाध्यक्ष म्युफलिंग यांनी तो बघून हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची तालीम, अशा अर्थाचे उद्गार काढले असं सांगतात. पुढे हा खेळ प्रशियाच्या सैन्यात रुजला.

लष्करातून तो घरात आला. 'ट्रेझर आयलंड'वाला स्टीव्हन्सन १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला दावोसला असताना सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळायचा. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यात खेळण्यातल्या तोफेनं बाहुल्या पाडायच्या असत. खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं हे कळायला तीन-चारदा असं खोटं युद्ध खेळावं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकानं ब्रिटनमध्ये हा छंद पसरवला. एक बाहुली म्हणजे एक माणूस, ही रीत १९७०च्या आसपास जोर धरू लागली. याच मुळातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. गायगॅक्स आणि आर्नेसन हे त्याचे दोघेही कर्ते युद्धखेळाडूच होते. आज मोबाइलवर तुम्ही ज्या 'कॅरेक्टर'ची 'हेल्थ' वाढवता, त्याचा खापरपणजोबा असा शिशाचा एकटा शिपाई आहे.

आपल्याकडे काय होतं

पट मांडून लढाई खेळणं आपल्याला नवं नाही. चतुरंग इथलाच. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी एकोणिसाव्या शतकात 'क्रीडाकौशल्य' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून अनेक बैठे खेळ नोंदवून ठेवले. मराठवाड्याच्या माणसानं केलेलं हे काम मराठवाड्यातच फार कुणाला माहीत नाही. वाघ-बकरी तर गुराख्यांपर्यंत पोचलेला खेळ, खडूनं फरशीवर रेघा ओढल्या की झालं. त्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात. वाघ थोडे पण मारणारे, बकऱ्या पुष्कळ पण कोंडणाऱ्या. एकाला जिंकायचं म्हणजे खायचं, दुसऱ्याला जिंकायचं म्हणजे वाट बंद करायची. चकमकीच्या खेळाचं अर्धं तत्त्व यात आलं.

आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात आणखी एक गोष्ट होती. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला, तर डाव पुरता जिंकलेला धरत नसत. त्याला बुर्जी म्हणायचे. म्हणजे नीट मात करायची तर समोरच्याकडे काहीतरी शिल्लक ठेवावं लागे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि बाहुल्या? त्या पश्चिम महाराष्ट्रात दर दिवाळीला रस्त्यावर मिळतात. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कुंभारवाड्यात ती रास बघितली. मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. किल्ल्यावर मांडायची म्हणून त्यांना तिकडे 'चित्रं' म्हणतात. आमच्या घरी किल्ला करायची पद्धत नव्हती. आमची माती पोळ्याला, आणि तिची बैलं व्हायची. त्यामुळे विशीतला घोडा झालो तरी मी त्या दुकानात लहान पोरासारखा उभा राहिलो आणि बावीस चित्रं घेऊन आलो. आत्याला दिवाणावर दिसली ती हीच.

माहूरची बाई खिंडीत

आता लढाईकडे येऊ. १६६१चा फेब्रुवारी. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकणात उतरून तिकडचा मुलूख घ्यायला पाठवलं. खान लोणावळ्याच्या बाजूनं कुरवंड्याच्या घाटानं खाली निघाला. घाटाच्या पायथ्याशी अंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. आज खोपोली-पाली रस्त्यावरून आत चावणी गावापाशी जाता येतं, तिथे स्मारकही आहे. शिवाजी महाराजांनी दोन्ही बाजूंच्या झाडीत माणसं बसवून ठेवली होती. फौज खिंडीत पूर्ण आल्यावर पुढचं तोंड बंद झालं, मागचंही झालं. २ फेब्रुवारीला ही लढाई झाली असं मानतात.

खानाबरोबर रायबागन होती, माहूरच्या उदाराम घराण्यातली. तिचं नाव सावित्रीबाई होतं असं सांगितलं जातं. रायबागन हा किताब, अर्थ राजवाघीण. माहूर आमच्या किनवटपासून पन्नासेक किलोमीटर. रेणुकामातेच्या दर्शनाला आम्ही वर्षातून दोनदा तरी जातो. पण ही बाई मला माहूरला कुणी सांगितली नाही. ती मला पुण्यात एका ग्रंथालयात भेटली.

या लढाईचा सगळ्यात भरघोस वृत्तांत 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. कवींद्र परमानंदांनी ते महाराजांच्याच सांगण्यावरून रचलं आणि स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यात तिला राजव्याघ्री म्हटलंय. खान कोंडला गेल्यावर ती त्याला सुनावते. तू या अरण्यात शिरलास हेच चुकलं, शत्रू आपल्याला दिसत नाही आणि आपण त्याला दिसतोय, आता हट्ट धरलास तर सगळे फुकट मरतील, अभय माग आणि बाहेर पड. खान ऐकतो. दूत जातो. खंडणी देऊन, जवळचं सगळं तिथेच टाकून फौज जिवानिशी सुटते.

शाळेच्या पुस्तकात ही लढाई गनिमी काव्याचा धडा म्हणून येते, आणि ती आहेच. पण खानाच्या छावणीत आणखी कोण होतं बघा. परमानंद नावं देतात: गाढे, कोकाटे, जाधवराव. हे सगळे दख्खनचेच. म्हणजे खिंडीत वर आणि खाली दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसं होती. पुस्तक वाचताना ही गोष्ट डोळ्यांखालून निघून जाते. बाहुल्या मांडताना जाऊ शकत नाही. मी कुंभारवाड्यातून फक्त मावळे आणले होते, आता शत्रूची चित्रं कुठून आणू, असा प्रश्न होता. मग लक्षात आलं की आणायची गरजच नाही. तेच मावळे दोन्हीकडे चालतील. आठ जणांच्या बुडाला शेंदरी रंग दिला, तेरा जणांच्या बुडाला काळा. फरक एवढाच.

बाविसावं चित्र रायबागनचं. पण लढणारी बाई बाजारात नव्हतीच. बायका होत्या त्या भाजीवाली, दळणारी आणि पाणी आणणारी. शेवटी डोक्यावर घागर घेतलेली बाई आणली आणि तिलाही बुडाला काळा रंग दिला.

सामान आणि नियम

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर महागड्या परदेशी बाहुल्यांच्या मागे लागू नका. त्या सुंदर असतात, साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या, रंगवायला आठवडे घेणाऱ्या. पण पहिला डाव पुठ्ठ्याचे तुकडे उभे करूनही होतो. मी वापरलं ते असं: दिवाणाचा तीन फूट बाय तीन फूट भाग, डोंगरासाठी घोंगडीखाली उशा, झाडांसाठी कणकेच्या गोळ्यात खोचलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्या, शिंप्याची टेप, दोन फासे, पत्त्यांचा एक कॅट.

नियम एका पानात बसवले.

१. पाळी: वरचा पत्ता उलटायचा. लाल आला तर शेंदरी बाजूनं एक माणूस हलवायचा, काळा आला तर काळ्या बाजूनं. दोन्हीकडच्या सगळ्यांची हलवाहलव झाली की एक फेरी संपली. लागोपाठ चार लाल आले तर समोरच्यानं बघत बसायचं. लढाईत असंच होतं.

२. चाल: पायी माणूस मोकळ्यावर ६ इंच, झाडीत ३. घोडेस्वार मोकळ्यावर १०, झाडीत त्यालाही ३.

३. मारा: १२ इंचांच्या आत, दिसत असेल तरच. फाशावर ४ किंवा जास्त पडलं तर लागलं. समोरचा झाडाआड असेल तर ६च हवं. तोड्याची बंदूक एकदा उडवली की एक पाळी ती भरण्यात जाते.

४. लपणं: शेंदरी बाजूचे आठ जण सुरुवातीला दिवाणावर नसतातच. त्यांच्या जागी झाडीत १४ चिठ्ठ्या पालथ्या ठेवायच्या. त्यातल्या ६ कोऱ्या.

५. धीर: एखाद्या बाजूची तीन माणसं पडली की दर फेरीला उरलेल्या प्रत्येकासाठी फासा टाकायचा. १ किंवा २ पडलं तर तो पळतो.

चौथा नियम प्रशियाच्या त्या पंचाकडून उचलला. घरात पंच व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या.

तीन डाव

पहिल्या डावात खानाची बाजू आत्याच्या मुलानं घेतली. तो इंजिनिअरिंगला आहे, सरळ हिशोबाचा. "आपण चौदा, ते आठ. घुसू." घुसला. घोडे पुढे घातले आणि ते झाडीत पायदळाच्या वेगानं रांगत राहिले. अर्ध्या तासात त्याची नऊ माणसं आडवी झाली आणि उरलेली पळाली, पण पळणार कुठे?

दुसऱ्या डावात त्यानं शहाणपणा केला. पहिली चिठ्ठी उलटताच मागे फिरायचं ठरवलं. पण रांगेचं तोंड मागे फिरलं की शेपटीचं तोंड होतं आणि मधली माणसं मधेच राहतात. अरुंद वाटेवर बाहुल्या एकमेकांना आडव्या आल्या. त्यानं वैतागून टेप टाकली. "दादा, नियमच खोटा आहे तुझा."

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. पायवाटेवर माणसं एकामागे एक चालली आणि दोघांत दीड मीटर धरलं, तर हजार माणसांची रांग दीड किलोमीटर होते. त्यात घोडे, ओझ्याचे बैल, बाजारबुणगे धरा. शिवभारतातली फौजेची वर्णनं काव्याची आहेत, ती बाजूला ठेवली तरी काही हजार माणसं असतील. म्हणजे पुढच्या माणसाला अडवल्याचं मागच्याला कळायलाच बराच वेळ गेला असणार. खान 'मागे फिरा' म्हणाला असता तरी ते ऐकणार कोण? हा हिशोब काही मोठा नाही. पण उंबरखिंडीवर वर्षभर वाचत असून मी तो केला नव्हता. तो वैतागल्यामुळे करावा लागला.

तिसरा डाव मावसबहिणीनं घेतला. ती नववीत आहे. दोन डाव ती बाजूला बसून बघत होती. घागरवाली बाई हातात घेऊन तिनं विचारलं, "दादा, ही हरणारच आहे ना?"

"बहुतेक."

"मग हिनं किती माणसं घरी नेली, ते मोजायचं का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या नियमांत जिंकणं म्हणजे समोरच्याला मारणं किंवा पळवणं, एवढंच होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं, मी गृहीत धरलं होतं. आम्ही पान पुन्हा लिहिलं. दोन्ही बाजूंना आपल्या जिवंत राहिलेल्या माणसामागे एकेक गुण. खानाच्या सामानाच्या सहा चिठ्ठ्या, त्या ज्याच्या हाती त्याला गुण. आणि काळी बाजू आपल्या कोणत्याही पाळीला हत्यार ठेवू शकते. ठेवलं तर सामान जातं, माणसं उरतात. शेंदरी बाजूनं ते मान्य करायचं की नाही, ते तिनं ठरवायचं.

तिनं तिसऱ्या फेरीला हत्यार ठेवलं. तिची दोन माणसं पडली होती, बारा बाहेर गेली. माझी आठही शिल्लक, सामान माझं. मी मान्य केलं, कारण लढत राहिलो असतो तर माझीही दोन-तीन गेली असती. दोघांचेही गुण आधीच्या दोन्ही डावांपेक्षा जास्त भरले.

याचा पुरावा म्हणून उपयोग?

नाही. हे ठामपणे सांगायला हवं, कारण मला एका चर्चासत्रात कुणीतरी विचारलं होतं की आता फासे टाकून इतिहास लिहिणार का. नियम मी लिहिले, गुण मी ठरवले, मग तह फायद्याचा निघाला यात नवल काय? फाशावर १६६१ साली काय घडलं ते कळत नाही.

कळतं ते वेगळंच. आपण कोणता प्रश्न विचारलाच नव्हता, ते. त्या डावानंतर मी शिवभारतातला तो भाग पुन्हा वाचला. आधी मला त्यात रायबागनचं शहाणपण आणि खानाची फजिती दिसायची. आता समोरच्या बाजूचा निर्णयही दिसला. कोंडलेल्या फौजेला अभय देणं हाही लढाईचाच भाग होता. महाराज त्याच वर्षी पुढे दक्षिण कोकणात उतरले, राजापुरापर्यंत गेले. खिंडीत शेवटचा माणूस कापेपर्यंत लढण्यात आपली माणसं आणि दिवस घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं, असं माझं वाचन आहे. समोरच्याकडे काही शिल्लक ठेवून केलेली मात. बुर्जी टाळलेला डाव म्हणा हवं तर.

दुसरी सावधगिरी रायबागनच्या भाषणाची. ते तिनं केलेलं भाषण नाही, जिंकणाऱ्याच्या कवीनं तिच्या तोंडी घातलेलं भाषण आहे. शत्रूकडच्या वाघिणीनं महाराजांची ताकद कबूल करावी, यात कवीचा हेतू उघड आहे. ती खिंडीत नक्की काय म्हणाली ते गेलं. पण त्याच कवीला ती वगळता आली असती, खानालाच घाबरवून शरण आणता आलं असतं. तसं त्यानं केलं नाही. शहाणपणाचा शब्द त्यानं समोरच्या बाजूच्या बाईला दिला. साडेतीनशे वर्षांनंतर माहूरच्या शेजारी बसून मी तिला हरलेल्यांच्या यादीत टाकून मोकळा झालो होतो.

माझ्या मते या खेळाचा खरा उपयोग हाच. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं आणि त्याला अक्कल द्यावी लागते. मूर्ख शत्रूशी खेळण्यात मजा नाही, आणि मूर्ख शत्रूचा इतिहास लिहिण्यात अर्थ नाही.

जे मी मांडलं नाही

संध्याकाळी आत्याचा मुलगा म्हणाला, "आता आपल्या इकडचं खेळू. रझाकारांचं. उमरीची बँक." ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी लुटली, ती गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून कानावर असते. निजामाच्या राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला आलं. पैनगंगेपलीकडे उमरखेड स्वतंत्र भारतात, त्यामुळे सीमेवरच्या छावण्या, रात्रीची ये-जा, ठाण्यांवरचे हल्ले, सगळं चकमकीच्या खेळाला अगदी साजेसं. एका पानात नियम बसतील.

मी नको म्हणालो. त्यानं कारण विचारलं आणि मला पटकन सांगता आलं नाही. आता सांगतो. उंबरखिंडीत काळा रंग कुणीही घेतो. १९४८चा दुसरा रंग आमच्या गल्लीत कोण घेणार? पोलीस ॲक्शनच्या आधीची भीती काही घरांत आहे, नंतरची भीती काही घरांत आहे, आणि ती घरं एकमेकांना लागून आहेत. आजोबांची पिढी गेली, पण ती भीती ज्यांनी ऐकली ती माणसं रोज दुकानावर भेटतात. समोरच्याला अक्कल देणं, त्याला घरी नेण्यासाठी माणसं देणं, हे मला त्या खेळात अजून प्रामाणिकपणे जमणार नाही. जमत नसेल तर तो खेळ मांडू नये. त्या काळासाठी माझ्याकडे दुसरं साधन आहे. वही घेऊन म्हाताऱ्या माणसांपुढे बसायचं आणि ऐकायचं. ते काम आधी.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर माझा सल्ला चार ओळींचा. तुम्हाला पायाखालची ठाऊक असलेली एखादी जागा निवडा, खिंड, नदीचा उतार, गढी. दोन्हीकडे मिळून वीसच्या वर माणसं नकोत. नियम एका पानाच्या बाहेर गेले तर कापा. आणि पहिला डाव मांडण्याआधी प्रत्येक बाजूसाठी एक वाक्य लिहा: या माणसांना आज नक्की काय हवंय? 'जिंकायचंय' असं उत्तर आलं तर पुन्हा लिहा.

पुण्याला परत निघालो तेव्हा चित्रं खोक्यात भरताना एक कमी भरलं. घागरवाली बाई मावसबहिणीनं ठेवून घेतली होती. तिनं कानशीनं घागर घासून काढली, हातात काडीची तलवार चिकटवली. घोडा मात्र तिला जमला नाही, केला तो बैलासारखा झाला. आमच्याकडे हातांना तेवढीच सवय. पुढच्या पोळ्याला माती येईल तेव्हा नीट करते म्हणाली.